अण्णांची २६८ शुगर कुठून आली आणि कुठे गेली?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी वाळवा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ५६ वर्षांचे आहेत. यंदा पावसानं ओढ दिली म्हणून आषाढीच्या आदल्या दिवशी रात्रीच्या लाइटला उसाला पाणी पाजायला गेले आणि बांधावरच छातीत कळ येऊन खाली बसले. शहरातल्या दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आत घेतलं तेव्हा शुगर २६८ निघाली. अण्णांना आजवर कधीच शुगर नव्हती (म्हणजे कधी तपासलीच नव्हती). आयसीयूत दोन दिवस इन्सुलिन दिलं, मग बंद केलं. घरी सोडताना फास्टिंग ११८ आणि तीन महिन्यांची शुगर ६.२ होती. विचारलं तर म्हणाले, "ती टेन्शनची शुगर होती, आता नॉर्मल आहे." शुगरची गोळी दिलेली नाही.

आता तीन आठवडे झालेत आणि घरात रोज वाद. भाऊ म्हणतो सलाइनमुळे शुगर वाढली, आणि एकदा इन्सुलिन टोचलं की ते आयुष्यभर सुटत नाही. आत्या म्हणते कोलेस्टेरॉलच्या गोळीनं डायबेटिस होतो, ती बंद करा आणि कारल्याचा रस द्या. आईनं भात पूर्ण बंद केलाय, पण अशक्तपणा जावा म्हणून डिंकाचे लाडू देते, गुळातले, कारण गूळ चालतो म्हणे. मी मशीन आणलंय, दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचते. सकाळी ११२ ते १२८ येते, जेवणानंतर १५० ते १९०. दिव्याच्या अवसेला कणकेचे गोड दिवे खाल्ले तेव्हा २३१ आली आणि सगळं घर रडायला लागलं. परवा न्हाणीतून बाहेर येताना अण्णांना चक्कर आली. आईनं साखरपाणी पाजलं, नंतर बघितलं तर १७२. अण्णांना डायबेटिस आहे की नाही, एवढं सांगा. आणि ते परत पाणी पाजायला जायचं म्हणतात, त्यांना कसं थांबवू?

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातल्या कंसाशी मी थांबले. "म्हणजे कधी तपासलीच नव्हती." इतकं सरळ फार थोडे लोक लिहितात. बहुतेक घरांत "आमच्याकडे कुणाला शुगर नाही" याचा खरा अर्थ तोच असतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अण्णांना डायबेटिस आहे की नाही हे आज कुणालाही सांगता येणार नाही. मलाही नाही, कारण मी त्यांना तपासलेलं नाही, आणि तपासलं असतं तरी आज सांगितलं नसतं. ते दसऱ्यानंतर कळेल. तोवर २६८ हा आकडा विसरायचा नाही आणि त्याच्यावर निकालही द्यायचा नाही. दवाखान्यानं "टेन्शनची शुगर" म्हटलं ते खोटं नव्हतं. "आता नॉर्मल आहे" हे मात्र घाईचं होतं, कारण ११८ आणि ६.२ हे दोन्ही आकडे नॉर्मलचे नाहीत.

२६८ कुठून आली ते बघू. हार्ट अटॅक आला म्हणजे नक्की काय झालं हे शरीराला कळत नाही. जिवावर बेतलंय एवढंच कळतं. मग ते अॅड्रिनलिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतं, पाठोपाठ कॉर्टिसोल आणि ग्लुकागॉन ही आणखी दोन. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर साठवलेली असते, पळायला किंवा लढायला लागेल म्हणून ठेवलेली. अॅड्रिनलिन त्या साठ्याचं दार उघडतं. कॉर्टिसोल यकृताला प्रथिनांपासून नवी साखर बनवायला लावतं. त्याच वेळी अॅड्रिनलिन स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन दाबून धरतं, आणि जे थोडं इन्सुलिन रक्तात येतं त्याचं स्नायू ऐकत नाहीत. हे सगळं काही तासांत होतं. त्या रात्री बांधावर बसलेल्या अण्णांनी चहाचा घोटही घेतला नसेल, तरी रक्तात साखर चढतच होती.

म्हणून भावाला सांगा, सलाइनचा दोष नाही. काही सलाइनमध्ये ग्लुकोज असतं आणि त्यानं शुगर वाढू शकते हे खरं. पण तुम्हीच लिहिलंय की २६८ आत घेतानाची आहे. तेव्हा अजून सलाइन लागलेलं नव्हतं.

मग सगळ्यांचीच शुगर अशी चढते का? थोडीफार चढते. पण कुणाची १३०वर थांबते, कुणाची २६८पर्यंत जाते. मोठा अटॅक असला तर जास्त चढते, हे एक कारण. दुसरं कारण त्या माणसाची आधीची स्थिती. पाऊस सगळ्या गावावर पडतो, पण गळतं त्याच घरात जिथली कौलं आधीच सरकलेली असतात.

हे मी अंदाजानं बोलत नाही. स्वीडनमध्ये १८१ हार्ट अटॅकच्या रुग्णांना तपासलं होतं, २००२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या कुणालाही आधी डायबेटिस असल्याचं माहीत नव्हतं. घरी सोडताना त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी केली, तेव्हा ३१ टक्के लोकांना डायबेटिस निघाला आणि ३५ टक्के सीमेवर, म्हणजे नॉर्मल आणि डायबेटिस यांच्या मध्ये होते. अटॅकच्या ताणामुळे असेल म्हणून तीन महिन्यांनी परत तपासलं. तेव्हाही २५ टक्क्यांना डायबेटिस होता आणि ४० टक्के सीमेवर होते. म्हणजे सगळं शांत झाल्यावरही तिघांतल्या जेमतेम एकाची शुगर खरोखर नॉर्मल होती. त्यात आणखी एक गोष्ट आहे. दवाखान्यात येताना ज्यांची शुगर २००च्या खाली होती तेवढेच रुग्ण त्यांनी घेतले होते. २६८वाले अण्णा त्या यादीत बसलेच नसते. त्यांच्याबद्दलचा संशय आणखी बळकट धरायला हवा.

आता ६.२चं बघा. ही तपासणी मागच्या साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे सीमारेषा, ६.५ आणि वर असेल तर डायबेटिस. एका रात्रीच्या किंवा चार दिवसांच्या चढलेल्या शुगरनं ही सरासरी फारशी हलत नाही. म्हणजे अण्णांची ६.२ अटॅकच्या आधीची आहे. उसाला पाणी पाजत होते, बाजार करत होते, कुणाला काही जाणवत नव्हतं, तेव्हाची. फास्टिंग ११८ही सीमेवरचीच. १०० ते १२५ हा पट्टा सीमेवरचा मानतात, १२६ पासून पुढे डायबेटिस. ती ६.२ स्टेंटनं किंवा गोळ्यांनी घडवलेली नाही.

मात्र ६.२वर डोळे झाकून विसंबू नका. ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींवर चालते, आणि पेशींतच गडबड असेल तर आकडा फसवतो. लोह कमी असलं तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्याला अर्थच राहत नाही. हे सदर नंदुरबार-गडचिरोलीकडचेही लोक वाचतात, त्यांच्यासाठी सांगते: सिकलसेल असलेल्या माणसाची तीन महिन्यांची शुगर भरवशाची नसते, तिथे ग्लुकोजची तपासणीच करावी लागते. अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर हिमोग्लोबिन किती लिहिलंय ते बघून ठेवा.

भावाची इन्सुलिनची भीती मला रोज ऐकू येते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण या भीतीपायी लोक गरज असताना इन्सुलिन नाकारतात. इन्सुलिन सवय लावणारं औषध नाही. ते आपल्याच स्वादुपिंडात बनतं. अण्णांचं स्वादुपिंड दोन दिवस दाबलं गेलं होतं, तेवढे दिवस बाहेरून दिलं, दाब उतरला तसं बंद केलं. बंद झालं हे तर तुमच्या भावानं स्वतः बघितलंय. ज्यांना पुढे कायमचं लागतं, त्यांना ते आजारामुळे लागतं. पहिली सुई टोचल्यामुळे नाही.

आयसीयूत शुगर १००वर का आणली नाही, असं काही नातेवाईक विचारतात. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. २००९ साली अतिदक्षता विभागातल्या ६,१०४ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास आला. एका गटाची शुगर ८१ ते १०८मध्ये घट्ट धरली, दुसऱ्या गटाची फक्त १८०च्या वर जाऊ दिली नाही. घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रकारही कितीतरी जास्त. तेव्हापासून आयसीयूत बहुतेकांची शुगर १४० ते १८०च्या आसपास ठेवतात. आयसीयूत अण्णांची शुगर १७० दिसली असेल, तर कुणी हलगर्जी करत होतं असं समजू नका.

आत्याबद्दल. त्यांनी ऐकलंय ते पूर्ण खोटं नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीनं शुगर थोडी वाढू शकते. पण किती? ९१ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्र हिशेब २०१० साली झाला. २५५ जणांनी ४ वर्षं ही गोळी घेतली तर त्यांच्यात एकाला जास्तीचा डायबेटिस होतो. तेवढ्याच लोकांत तेवढ्याच काळात साधारण पाच जणांचा मोठा हृदयविकार टळतो. आणि तो जास्तीचा एक माणूस बहुधा आधीच सीमेवर उभा असतो. डायबेटिसवर इलाज आहे. नवा स्टेंट बंद पडला तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या, यांतली एकही कुणाच्या सांगण्यावरून चुकवू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आत्यांना कारल्याची भाजी करायला सांगा, कमी तेलात. अण्णांना आवडत असेल तर आठवड्यातून दोनदा करा. गोळीऐवजी रस मात्र नाही.

आता आई. त्यांच्यावर रागावू नका. ज्या बाईनं नवरा बांधावरून उचलून आणलेला पाहिलाय तिला काहीतरी खाऊ घालावंसं वाटणारच. पण भात बंद आणि डिंकाचे लाडू चालू, हा सौदा उलटा आहे. गुळात बहुतांश साखरच असते. उसाच्या पट्ट्यातल्या माणसांना हे मी काय सांगायचं, गुऱ्हाळात काय आटतं ते तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघताय. वर त्या लाडवात तूप. अटॅकनंतरचा अशक्तपणा गोड खाऊन जात नाही. हृदय सावरतं आणि माणूस हळूहळू चालायला लागतो तसा तो जातो.

भात बंद करायची गरज नाही. एक वाटी भात, दोनऐवजी एक शाळूची भाकरी, आणि ताटातली रिकामी झालेली जागा मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी, ताक यांनी भरायची. भाकरी "डायबेटिसला चालते" म्हणून चार खाल्ल्या तर शुगर चढणारच, तीही पिठाचीच आहे. लोणचं-पापड आठवणीनं कमी करा, ते शुगरपेक्षा हृदयासाठी. श्रावण सुरू झालाय. अण्णा सोमवार धरत असतील तर यंदा देवाला सांगून सोडून द्यायला सांगा. दिवसभर उपाशी आणि मग साबुदाण्याची खिचडी, हे शुगरसाठी सगळ्यात वाईट. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. सोडणं मनाला पटतच नसेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे, ताक, थोडं राजगिऱ्याचं थालीपीठ आणि गोळ्या वेळेवर. गोळ्यांना उपवास नसतो.

आणि तंबाखू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या वयाचा शेतकरी बांधावर बसतो तेव्हा हातात काय मळत असतो ते मला माहीत आहे. असेल तर ती आजच बंद. तंबाखूनं इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तवाहिन्या आकसतात. एकच पुडी दोन्हीकडून मारते.

मशीनकडे वळते. दिवसातून सात-आठ वेळा टोचायची काहीच गरज नाही. अण्णांना शुगर खाली आणणारं औषध चालू नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरेत: सकाळी उपाशीपोटी एकदा आणि मोठ्या जेवणानंतर दोन तासांनी एकदा. वहीत लिहा, तारखेसह, काय खाल्लं तेही लिहा. घरच्या मशीनमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला आहे. ११२ आणि १२८मध्ये एका आकड्यानं हसायचं आणि दुसऱ्यानं रडायचं असं काही नाही. २३१बद्दल मला एकच विचारायचंय: टोचण्याआधी अण्णांनी हात साबणानं धुतले होते का? गुळाचे दिवे हातात धरून खाल्ले असतील आणि त्याच बोटाचं रक्त घेतलं असेल, तर मशीननं बोटावरचा गूळ मोजला. असं मी अनेकदा पाहिलंय. फळ सोलल्यावरही होतं. हात धुवा, नीट पुसा, मग टोचा. धुवूनही २३१ आली असेल तर ती वहीत तशीच लिहून ठेवा. लपवू नका आणि रडूही नका.

चक्करचं मात्र हलक्यात घेऊ नका. साखरपाणी पाजल्यावर बघितलेली १७२ काहीच सांगत नाही. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू नसताना शुगर ७०च्या खाली जाणं फारच क्वचित होतं. त्यापेक्षा बीपी उतरल्याची शक्यता जास्त. अटॅकनंतरच्या गोळ्यांत बीपी उतरवणाऱ्या दोन-तीन असतात, त्यात गरम पाण्यानं अंघोळ आणि एकदम उठणं. पण हृदयाचे ठोके बिघडूनही चक्कर येते. म्हणून पुढच्या तपासणीची वाट बघू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना सांगा आणि ईसीजी काढून घ्या. परत झालं तर आधी आडवं करा, पाय थोडे वर ठेवा, बीपी आणि शुगर दोन्ही बघा. छातीत दडपण, धाप किंवा दरदरून घाम असेल तर मोजत बसायचं नाही, १०८ला फोन. ज्यांची शुगर बरीच वर्षं चढलेली असते त्यांच्या नसा बोथट होतात आणि पुढच्या अटॅकला छातीत कळ येतेच असं नाही. नुसती धाप, नुसता घाम, नुसतं गळून जाणं एवढंच होतं. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दसऱ्याच्या तारखेवर मी इतकी का अडून बसलेय ते सांगते.

माझ्या मोठ्या काकांना अटॅक आला तेव्हा मी नुकतीच डॉक्टर झाले होते. त्यांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर शुगर २४० लिहिलेली होती. तीही "टेन्शनची" होती, घरी येईपर्यंत १२०वर आली. ती फाइल मी वाचली होती. घरात डॉक्टर मीच होते. पुन्हा तपासा असं दवाखान्यानं लिहिलं नाही आणि मीही म्हटलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे होतं, आणि हृदय छान चाललं होतं. चार वर्षांनी चप्पल लागून अंगठ्याला फोड आला. तो महिनाभर भरला नाही. तेव्हा तपासली तर तीन महिन्यांची शुगर ११च्या वर, आणि अंगठा काढावा लागला. मधल्या चार वर्षांत ते वर्षातून दोनदा हृदयाच्या तपासणीला जात होते. बोटाला एक सुई टोचली असती तर कळलं असतं. त्या फाइलचं पहिलं पान मला आजही दिसतं.

म्हणून तारीख ठरवा. अण्णांचा अटॅक आषाढीच्या आदल्या रात्रीचा, म्हणजे बरोबर तीन महिने दसऱ्याच्या दिवशी भरतात. दसरा झाल्यावरच्या आठवड्यात, दिवाळीच्या फराळाआधी, तपासणी करून घ्या. फास्टिंग, तीन महिन्यांची शुगर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेलं रक्त, अशा तीन गोष्टी एकाच सकाळी. नुसत्या फास्टिंगवर भागवू नका. स्वीडनच्या त्या अभ्यासात सीमेवर निघालेले लोक ओळखू आले ते ग्लुकोजनंतरच्या दोन तासांच्या आकड्यामुळेच. त्यांची फास्टिंग चांगली दिसू शकते.

या तपासणीत घरोघर एक चूक होते. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधीचे चार दिवस माणसाला जवळजवळ उपाशी ठेवतात. त्यानं उलटंच होतं. पीठ-भात एकदम तोडला की शरीर ग्लुकोजला नीट तोंड देऊ शकत नाही आणि शुगर खोटी चढलेली दिसते. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण, भात-भाकरीसकट. आईला हे खास सांगा. आदल्या रात्री जेवल्यापासून आठ-दहा तास फक्त पाणी. ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन संपवायचं, नंतर दोन तास तिथेच शांत बसायचं. फिरायचं नाही, चहा नाही, तंबाखू तर नाहीच. सकाळच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा. सर्दी-ताप असेल तर तारीख आठवडाभर पुढे ढकला.

त्याआधीच हात धुवून घेतलेली फास्टिंग पुन्हापुन्हा १२६च्या वर येऊ लागली, किंवा तहान-लघवी वाढून वजन उतरायला लागलं, तर दसऱ्याची वाट बघायची नाही.

दोन तासांची १४०च्या आत आली तर उत्तम, तरी वर्षातून एकदा तपासायचीच, कारण ६.२ एकदा लिहिली गेलीय. १४० ते १९९मध्ये आली तर अण्णा सीमेवर आहेत, आणि मला स्वतःला हेच होईल असं वाटतं. मग घाबरायचं कारण नाही पण कामाला लागायचं कारण आहे. चेन्नईतल्या डॉक्टरांनी अशाच सीमेवरच्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं पाहिलं, २००६ साली ते छापून आलं. ज्यांना नेहमीपेक्षा वेगळं काही सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. ज्यांनी चालणं आणि जेवण सुधारलं त्यांच्यात तो आकडा ३९च्या आसपास राहिला. हे आपल्यासारखेच भात खाणारे लोक होते. डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारायला अण्णांना आत्तापासूनच लावा.

२०० किंवा जास्त आली तर डायबेटिस समजायचा, बहुधा दुसऱ्या दिवशी एकदा पडताळून. तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना सांगायचं की अटॅक येऊन गेलाय, आणि हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं की शुगर निघालीय. शुगरच्या काही गोळ्या हृदयालाही मदत करतात, आणि पायोग्लिटाझोनसारखी एखादी गोळी हृदय कमकुवत असेल तर टाळतात. दोन फाइली दोन पिशव्यांत राहिल्या की गोंधळ होतो, त्यामुळे दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. आणखी एक. अण्णांना ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल आणि पुढे शुगर उतरवणारं औषध सुरू झालं, तर शुगर खाली गेल्यावर धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही. घाम मात्र येतो. तेव्हा मोजायला उशीर होत असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी बघायचं. आईचं साखरपाणी त्या दिवशी कामी येईल.

राहिला पाणी पाजण्याचा प्रश्न. अण्णांना "जाऊ नका" म्हणून थांबवता येणार नाही, शेतकऱ्याला तसं कुणीच थांबवलेलं नाही. त्यांना सांगा की आधी डॉक्टर इको काढून हृदयाची ताकद बघू देत आणि ते हो म्हणू देत, मग दिवसा रानात एक फेरी मारायची, ऊस बघायचा, बांधावर सावलीत बसायचं. रात्रीची लाइट भावाकडे द्या. इन्सुलिनबद्दल तो इतकी काळजी करतोय, ती काळजी इथे उपयोगाला येऊ दे. अण्णा एकटे रानात जाणार नाहीत आणि जाताना फोन व जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असेल, एवढं दोघांकडून वदवून घ्या. ती गोळी कधी ठेवायची आणि बीपी उतरलेलं असताना का नाही, हे डॉक्टरांकडून अण्णांच्या समोर समजून घ्या.

वहीची पानं आणि दसऱ्यानंतरचा रिपोर्ट मला पाठवा. मी वाट बघतेय.